चयापचय म्हणजे पचन नव्हे

'चयापचय' हा शब्द आपण शाळेच्या पुस्तकातून उचलला आणि पचनाचा भारदस्त पर्याय म्हणून वापरत राहिलो. वस्तुतः त्याची फोड 'चय' आणि 'अपचय' अशी आहे. चय म्हणजे उभारणी, अपचय म्हणजे मोडणी. पेशींत अखंड चालणाऱ्या या दोन्ही व्यापारांचे ते एकत्रित नाव. पचन त्याच्या आधीचे, अन्नमार्गातच आटोपणारे. 'अपचय' आणि 'अपचन' यांच्या नादसाम्याने घोटाळा वाढला असावा.

हा निव्वळ शब्दच्छल नाही. इन्सुलीसारख्या गोव्याच्या वेशीवरच्या गावात एखाद्या मधुमेह्याला 'तुमचा चयापचय बिघडला आहे' असे सांगितले, तर तो घरी येऊन ओवाच चघळणार. त्याचे अन्न तर उत्तम जिरत असते! इन्सुलिन हे मुख्यतः चयाच्या बाजूचे संप्रेरक. ते फारच कमी पडले की अपचयाचे पारडे जड होते, चरबी व स्नायू मोडू लागतात आणि भरपेट जेवणारा माणूस वाळत जातो. घरातली म्हातारी हेच अचूक सांगते : 'खाल्लेले अंगी लागत नाही.' जिरणे वेगळे, अंगी लागणे वेगळे, झिजणे वेगळे, हा भेद बोलभाषेने केव्हाच केलेला आहे.

जाहिरातींतले 'चयापचय वाढवा' वाचून मात्र हसू येते. दोहोंपैकी नेमके काय वाढवायचे? त्यांना अपचयच अभिप्रेत असतो. पण तसे छापले तर डबा कोण घेईल?

शब्द बदलावा, असे मला वाटत नाही. मूळ ग्रीक शब्दात नुसता 'बदल' आहे. आपल्या शब्दात त्या बदलाच्या दोन्ही दिशा आहेत. डॉक्टरांनी तो म्हातारीच्या भाषेत फोडून सांगावा, इतकेच.