नकाशावरची बस नेमकी कोणती?

मुंबई, खास प्रतिनिधी - एसटी स्थानकावरचा प्रवासी चौकशीच्या खिडकीशी 'बस कधी आहे' एवढेच विचारून थांबत नाही. साधी आहे की निमआराम, मधल्या फाट्यावर थांबेल का, सवलतीचे तिकीट चालेल का, हे त्याचे पुढचे प्रश्न असतात. मोबाइलवरील नकाशा मात्र अनेकदा या सर्व गाड्यांसाठी एकच चिन्ह दाखवतो. हा दोष केवळ चित्राचा नाही. त्यामागे वर्गीकरणाचा मूलभूत प्रश्न आहे.

सार्वजनिक वाहतुकीचे वेळापत्रक नकाशावर आणण्यासाठी आज जगभर 'जीटीएफएस' ही माहितीरचना वापरली जाते. अमेरिकेतील पोर्टलंड शहराची परिवहन संस्था आणि गुगल यांच्या सहकार्यातून ती २००५ मध्ये आकाराला आली. तीत वाहनाचा प्रकार अंकाने नोंदवतात. ट्रामला ०, मेट्रोला १, रेल्वेला २ आणि बसला ३. नंतर युरोपातील वर्गीकरणाच्या आधारे विस्तारित यादी तयार झाली. तीत २०० पासूनचे अंक 'कोच' म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी, तर ७०० पासूनचे बससाठी आहेत. जलद बस ७०२, स्थानिक बस ७०४, रात्रीची बस ७०५. (आपल्याकडे कोच म्हटले की रेल्वेचा डबा आठवतो, हा भाग वेगळा.)

युरोपात शहरातली बस आणि गावोगावी जाणारा कोच यांत बऱ्यापैकी स्पष्ट सीमारेषा आहे. एसटीला ही विभागणी लावायला गेले की गोंधळ सुरू होतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून महामंडळाने गाड्यांना दिलेल्या नावांमागे एकच एक निकष नाही. हिरकणी हे नाव आसनव्यवस्थेवरून ओळखले जाते, रातराणी धावण्याच्या वेळेवरून, २०२२ मध्ये आलेली ई-शिवाई विजेवर चालते म्हणून, तर शिवनेरी वातानुकूलन आणि मोजके थांबे या दोन्हींमुळे. निमआराम गाडी रात्री सोडली, तर ती कोणत्या रकान्यात टाकायची?

यावर उपाय एकच दिसतो. 'प्रकार' हा शब्द पल्ला आणि थांब्यांपुरता राखावा; वातानुकूलन, आसने, इंधन हे गाडीचे गुणधर्म म्हणून वेगळे नोंदवावेत. ऐनवेळी गाडी नादुरुस्त होऊन आगारातून दुसरी सोडली जाते, तेव्हा गुणधर्म बदलतो, मार्ग बदलत नाही. जीटीएफएसमध्ये चाकाच्या खुर्चीची सोय नोंदवायला प्रत्येक फेरीमागे जागा आहे. वातानुकूलनासाठी मात्र मूळ रचनेत तसा रकाना नाही. मुंबईत ही उणीव थेट खिशाला जाणवते. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये साध्या बससाठी ५ वरून १० रुपये आणि वातानुकूलित बससाठी ६ वरून १२ रुपये झाले. समोर येणारी गाडी कोणती, हे आधी कळणे म्हणूनच गरजेचे ठरते.

थांब्यांची बाब त्याहून नाजूक. प्रत्येक फेरीचे थांबे स्वतंत्र नोंदवण्याची सोय रचनेत आहे. पण साध्या गाडीची थांब्यांची यादी जलद गाडीला जशीच्या तशी चिकटवली, की नकाशा खोटे बोलू लागतो आणि फाट्यावरच्या माणसासमोरून गाडी निघून जाते. उलट, ग्रामीण भागात हात दाखवून गाडी थांबवण्याची रीत आहे. तिचीही तरतूद आहे: चालकाशी ठरवून चढण्याचे थांबे आणि वाटेत कुठेही चढता येणारा टप्पा, दोन्ही दाखवता येतात. ते भरण्यासाठी आगारातील वाहक-चालकांना विचारावे लागेल. परदेशी अंकांची यादी त्यासाठी पुरेशी नाही.

राहिला खासगी 'ट्रॅव्हल्स'चा प्रश्न. १९८८ चा मोटार वाहन कायदा टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक यांत भेद करतो. कंत्राटी परवान्याच्या गाडीने वाटेत सुटे प्रवासी चढवणे-उतरवणे अपेक्षित नाही. प्रत्यक्षात महामार्गावरच्या उड्डाणपुलाखाली काय चालते, हे प्रत्येक शहरवासीयाला ठाऊक आहे. अशी जागा नकाशावर 'बस थांबा' म्हणून उमटली, तर बेकायदा व्यवहाराला अधिकृत थांब्याचे रूप मिळते. वगळली, तर रात्री तिथे गर्दी का असते याचा उलगडा होत नाही. ती वेगळ्या खुणेने दाखवणे हाच सरळ मार्ग. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून मोफत प्रवास आहे. खासगी गाडीत यातले काहीच लागू नाही, आणि नकाशावर दोन्ही गाड्यांची चिन्हे सारखीच असतील, तर हा फरक त्यांना गाडीत चढल्यावरच कळणार.