स्नेप सरांचं नाव मुलाला का ठेवलं?

‘हॅरी पॉटर’ मालिकेचा सातवा आणि शेवटचा भाग २१ जुलै २००७ रोजी आला. त्याच्या शेवटावरून वाचकांची भांडणं मात्र अजून चालूच आहेत. शेवटच्या छोट्या प्रकरणात एकोणीस वर्षं उलटलेली असतात. हॅरी, रॉन, हर्मायनी आपापल्या मुलांना शाळेच्या गाडीत बसवायला स्टेशनवर येतात. कुणाला ते वाचून रडू आलं, कुणाला फारच गोडगोड वाटलं. (मलाही जरा गोडच वाटलं.) पण मोठा वाद आहे तो एका नावाचा. हॅरीने आपल्या मुलाचं नाव ठेवलं अल्बस सेव्हेरस. सेव्हेरस म्हणजे स्नेप सर!

स्नेप शेवटी शूर निघाले, वर्षानुवर्षं जीव धोक्यात घालून त्यांनी हेरगिरी केली, हे मान्य. पण वर्गात ते कसे वागले? तिसऱ्या भागातला बोगार्ट आठवा. समोरच्याला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते, तेच रूप तो घेतो. नेव्हिलसमोर तो स्नेप सर होऊन उभा राहतो. ज्याच्या आईवडिलांचा छळ करून त्यांना वेडं केलं गेलं, त्या मुलाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती आपल्या शिक्षकाची!

म्हणून एखादी मुलगी चिडून म्हणाली, “हे नाव नको होतं,” तर “अगं, गोष्टच आहे ती” म्हणून मोकळे होऊ नका. मोठं काम केलं म्हणून लहानांशी वाईट वागलेलं माफ होतं का, असं ती विचारतेय. “आम्ही ओरडतो ते तुमच्या भल्यासाठीच” म्हणणाऱ्या आपल्याला हा प्रश्न अडचणीचाच आहे. परीक्षेत स्वमताला “मला शेवट खूप आवडला” असं लिहिणाऱ्या मुलापेक्षा हिने पुस्तक जास्त नीट वाचलंय.

दुसरं मूल म्हणेल, स्नेपनी हॅरीलाही छळलं, मग माफ करायचा हक्क त्याचाच ना? मुद्दा भारी आहे. पण नेव्हिलच्या वतीने हॅरीला माफ करता येतं का, तेही विचारा. मला विचाराल तर नाही. मुलांनी मात्र आपापली बाजू पुस्तकातलं पान दाखवूनच मांडायची.

आणि त्याच शेवटच्या प्रकरणात नेव्हिल स्वतः त्याच शाळेत शिक्षक झालेला आहे. त्याचा तास कसा चालतो, हे तिथे आलेलं नाही. तेवढं मुलांना लिहायला द्या.