गाडी द्यायची, ती वहीसकट

आमची पांढरी गाडी विकायला काढली आहे, ही बातमी सोसायटीत सर्वांना ठाऊक आहे. आतापर्यंत तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. तिघंही पुन्हा फिरकली नाहीत, आणि त्याला गाडीपेक्षा मीच जास्त जबाबदार आहे, असं आमच्या सौ.चं मत आहे. कारण गाडी दाखवताना मी किल्लीबरोबर एक वहीही समोरच्याच्या हातात देतो.

त्या वहीची हकिगत २०२१पासून सुरू होते. बँकेतली नोकरी संपवून मी नुकताच घरी बसलो होतो. सौ.चे गुडघे कुरकुरू लागले होते, सासूबाई ऐंशीच्या पुढे, आणि करोनाच्या धास्तीनं रिक्षात बसायला दोघी तयार नव्हत्या. पेन्शनरानं नवी गाडी कशाला घ्यायची, म्हणून २०१३ची, एक लिटर इंजिनाची छोटी पेट्रोल गाडी पाहिली. किंमत २ लाख १० हजार. मालक सज्जन. ‘फक्त ३८ हजार किलोमीटर झालीत. त्यातही गेलं वर्षभर जागची हललेली नाही,’ असं त्यांनी कौतुकानं सांगितलं आणि मी कौतुकानंच ऐकलं.

नोकरीत असताना मी दूधवाल्याच्या म्हशीवर कर्ज द्यायचं तर गोठ्यात जाऊन तिच्या कानातला बिल्ला पाहून यायचो. स्वतःच्या पैशानं गाडी घेताना मात्र रंग पाहिला, दार दोनदा उघडून लावलं, आणि चेक फाडला! आरसी बुकावर मालकाच्या जुन्या कर्जाचा बोजा तसाच आहे, हेही नंतर कळलं. कर्ज कधीच फिटलं होतं, पण बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जायचं राहून गेलं होतं. ते हेलपाटे कोणी घातले, हे सांगायला नको.

आता कळतं की, ‘कमी चाललेली’ आणि ‘उभी असलेली’ हे गाडीचे गुण नव्हेत. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांची नक्षी नव्यासारखी होती, पण आकडे २०१३चे होते आणि कडांना केसाएवढ्या चिरा होत्या. बॅटरी उभ्या उभ्या मेली होती. आणि शहरातले ३८ हजार किलोमीटर हे हायवेवरचे ३८ हजार नव्हेत. सिग्नलला इंजिन चालू, गाडी थांबलेली. मीटर स्वस्थ, तेल आणि पंखा मात्र कामावर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या दाबलेल्या क्लचवर सरकत सरकत कर्वे रस्ता पार करणाऱ्या गाडीची क्लचप्लेट किती झिजते, हे कोणताही काटा दाखवत नाही. रोज दोन किलोमीटरवर भाजी आणायला जाणाऱ्या गाडीचं इंजिन धड तापतही नाही आणि बॅटरीही पुरती भरत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून एवढंच म्हटलं, ‘काका, ही जरा चालवत जा.’

चालवली. २०२३च्या मे महिन्यात, रात्री दहा वाजता, सासूबाईंना दम लागला म्हणून इस्पितळात नेताना सिंहगड रस्त्यावर तापमानाचा काटा लाल रेषेत गेला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. रेडिएटरचा पंखा बंद पडला होता, आणि दहा वर्षांची नळी फुटली होती. मागच्या सीटवर सासूबाई, शेजारी सौ., आणि मी हातात पाण्याची बाटली घेऊन रस्त्याच्या कडेला उभा. एक रिक्षावाला स्वतःहून थांबला. त्यानं सासूबाईंना उचलून आत बसवलं आणि मीटरपेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. सासूबाई चार दिवसांनी घरी आल्या. गाडीला नऊ दिवस लागले, कारण हेड खोलावं लागलं. २४,५०० रुपये.

त्याच रात्री वही सुरू झाली. मागचे खर्च चिठ्ठ्यांवरून आणि सौ.च्या स्मरणशक्तीवरून भरून काढले. चार वर्षं पुरी झाली तेव्हा बेरीज मारली. टायर १३,६००, बॅटरी ४,४००, क्लच ८,७००, ते हेड, एसी ११,२००, सस्पेन्शन आणि ब्रेक ९,६००, सर्व्हिसिंग १८,०००, विमा २६,०००. एकूण १ लाख १६ हजार. विम्याच्या आकड्यानं मी चकित झालो होतो, कारण आधीचे मालक फारच कमी भरत. पण दावा न केल्याची सवलत माणसाची असते, गाडीची नाही. ती ते स्वतःच्या नव्या गाडीसाठी घेऊन गेले. यात किंमतीतली साधारण एक लाखाची घट धरा, आणि १२ हजार किलोमीटरचं पेट्रोल, १ लाख ५ हजार. भागाकार केला, तर किलोमीटरला जवळजवळ २७ रुपये पडले. पुण्यात सप्टेंबर २०२२मध्ये रिक्षाचा दर ठरला, तो पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढं किलोमीटरला १७!

गाडी घेऊ नये, असं मी म्हणत नाही. पावसात सासूबाईंना दारातून दारात नेता आलं, याची नोंद वहीत कुठल्या रकान्यात करणार? तक्रार आकड्याची नाही, तो आधी कुणीच सांगत नाही याची आहे.

आता विकायची पाळी माझी आली, तेव्हा एजंट आला. म्हणाला, ‘इंजिन धुऊन देतो, पॉलिश मारतो. फक्त हेड खोलल्याचं बोलू नका. वीस हजार पडतील.’ वीस हजार ही पेन्शनरासाठी लहान रक्कम नाही. एक रात्र मी कूस बदलत काढली, हे कबूल करतो. या वीस हजारांवर अर्थशास्त्रात एक मोठा निबंध आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिला आणि २००१मध्ये त्यांना नोबेल मिळालं, दोघांबरोबर विभागून. दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, आणि बाजारात खराब मालच उरत जातो. अमेरिकेत अशा खराब गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. आपण ते मिरच्यांसकट पुढं बांधून ठेवतो, एवढाच फरक.

आपल्याकडे गाडी विकताना आरसी, विमा, पीयूसी एवढं लागतं. गाडीच्या प्रकृतीचा एकही कागद लागत नाही. वॉरंटी संपली की गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाते आणि तिथं बिल म्हणजे सिगारेटच्या पाकिटामागचा हिशेब. घरात दुधाचं कार्ड ठेवणारे आपण गाडीची वही का ठेवत नाही? आणि विकल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या देऊन मोकळं होणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. हस्तांतर नोंदलं गेलं नाही आणि अपघात झाला, तर नुकसानभरपाईसाठी नोंदणीवरचा माणूसच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये सांगितलं आहे.

गेल्या रविवारी एक तरुण जोडपं आलं, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. मी वही दिली. २०२८मध्ये पंधरा वर्षं पुरी होतील, नोंदणी नव्यानं करावी लागेल आणि त्याचं शुल्क २०२२च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० झालं आहे, हेही सांगितलं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ही गाडी बनलेली नाही, नळ्यांवर लक्ष ठेवा, असंही म्हटलं. सौ. आतून खोकली. मुलीची आई वहीतलं एक पान वाचत थांबली. ‘काका, त्या रात्री आजी बऱ्या होत्या ना?’ तिनं विचारलं. मग दोघांनी मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढले, विचार करून कळवतो म्हणाले, आणि सौ.नं दिलेला चहा पिऊन गेले.

फोन अजून आलेला नाही. काल पीयूसी संपत होती, ती करून आणली आणि वहीत लिहिली.