चिकन चालतं, लसूण नाही

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

पाकिटातला पदार्थ मांसाहारी आहे की नाही, हे दुकानात चष्मा नसतानाही कळतं. चौकोनातला तपकिरी त्रिकोण दिसला की झालं. पण त्यात लसूण आहे का, हे भिंग लावूनही कळत नाही, आणि माझं दुखणं नेमकं तिथंच आहे.

मला आयबीएस आहे, म्हणजे पोटाची कायमची कुरकुर. आहारतज्ज्ञ बाईंनी लो-फोडमॅप आहार सांगितला. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी तो पुढे आणला. काही कर्बोदकं लहान आतड्यात धड शोषली जात नाहीत आणि मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात; मग गॅस, मुरडा, जुलाब. ती २ ते ६ आठवडे बंद करायची आणि नंतर एकेक गट परत खाऊन बघायचा. गंमत अशी, की नुसत्या मांसात ही कर्बोदकं जवळजवळ नसतातच. कोंबडी, मटण, मासळी आम्हाला बिनघोर. घात करतं ते मांसाला चोपडलेलं: कांदा-लसणाची पूड, मध, गव्हाचा चुरा, सॉर्बिटॉल.

यातलं बरंचसं वाचून ओळखता येतं. गहू आणि दूध ॲलर्जीच्या घोषणेत येतात. सॉर्बिटॉल ‘आयएनएस ४२०’ म्हणून सापडतो. राहता राहतो कांदा-लसूण, आणि आमचा मुख्य वैरी तोच. त्यातलं फ्रुक्टन हे त्याच न शोषल्या जाणाऱ्या कर्बोदकांपैकी, आणि ते पाण्यात उतरतं, त्यामुळे पाकळी काढून टाकली तरी रस्सा सुटत नाही. पूड तर त्याहून जहाल.

आता गोठवलेल्या सीख कबाबच्या एखाद्या खोक्याची मागची बाजू बघा. चिकन, पाणी, तेल, सोया प्रथिनं, मीठ, ‘मसाले व कॉन्डिमेंट्स’. संपलं! तुमच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत मसाल्यांना असं एकत्रित नाव द्यायची मुभा आहे. शिवाय एखादा जोडघटक, समजा सॉस, ५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्यातली अॅडिटिव्ह सोडून बाकी काय आहे ते सांगायचं बंधन नाही. सॉसेजमध्ये लसणाची पूड घालून घालून घालणार किती? चिमूटभर. तेवढी आम्हाला पुरते.

एका कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारलं, तर मसाल्याचं मिश्रण हे व्यावसायिक गुपित असल्याचं उत्तर आलं. अहो, पाककृती कोण मागतंय? प्रमाण नको, नाव सांगा. फरसाणाच्या पाकिटावर ‘जैन’ किंवा ‘कांदा-लसूणविरहित’ असं ठसठशीत छापलेलं असतंच की. म्हणजे छापता येतं. फक्त चिकन खाणारा माणूस लसूण टाळत असेल, हे कुणाच्या गावीच नाही. (गोव्याच्या चोरिस सॉसेजमध्ये लसूण असतो हे जगजाहीर आहे; त्याच्याशी माझं भांडण नाही.)

आणि हे अशक्यही नाही: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत कांदा आणि लसूण ‘मसाले’ या शब्दाखाली दडवता येत नाहीत. ते अन्नपदार्थ धरले जातात आणि नावानिशी लिहावे लागतात.

हा नुसता पोटदुखीचा प्रश्न नाही. ज्या आठवड्यात आम्ही दूध परत सुरू करून बघतो, त्याच आठवड्यात सॉसेजमधून लसूण गेला, तर खापर दुधावर फुटतं. माणूस विनाकारण दूध सोडून बसतो आणि सॉसेज खात राहतो.

म्हणून मागणी एवढीच: कांदा आणि लसूण कोणत्याही रूपात, कितीही कमी असले, तरी घटकांच्या यादीत नावानं लिहिणं सक्तीचं करा, ५ टक्क्यांची सवलत त्यांना नको. आणि माझ्यासारखंच पोट असलेल्या वाचकांनो, तोवर नुसतं ‘मसाले’ लिहिलेलं पाकीट, त्यात लसूण आहे असं धरूनच, परत ठेवा आणि घरी साधं चिकन मीठ-मिरी लावून भाजा.

आपली,
एक ग्राहक