पडद्यावरची शाळा कोणास मानवते?

मार्च २०२०मध्ये कोरोनाच्या साथीमुळे गोव्यातील शाळांची दारे बंद झाली आणि पुढे वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले. साथ ओसरली, शाळा पुन्हा गजबजल्या. परंतु पडदा काही घराबाहेर गेला नाही. तेव्हा तो नाइलाज होता, आज निवड आपली आहे. म्हणूनच ऑनलाईन शिक्षण शिक्षकांस व विद्यार्थ्यांस कितपत मानवते, याचा विचार आता शांतपणे करावयास हवा.

या साधनाचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. न समजलेला पाठ पडद्यावर पुनःपुन्हा ऐकता येतो. हृदयाचे कप्पे रक्त कसे पुढे ढकलतात, हे खडूच्या आकृतीपेक्षा हलत्या चित्रात अधिक उमगते. दुरून शिकण्याची प्रथाही आपणांस नवी नाही. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि नोकरी व संसार सांभाळून शिकणाऱ्या अनेकांस पदवीची वाट मोकळी झाली. तथापि तो विद्यार्थी बहुधा प्रौढ असतो. अभ्यासाची गरज त्याची त्यालाच पटलेली असते. पाचवीतल्या मुलास ती शिस्त अद्याप लागावयाची असते.

दुसरा प्रश्न ऐपतीचा. डिचोलीतील कित्येक कुटुंबे खाणींवर आणि खनिजाच्या ट्रकांवर जगत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८मध्ये खाणी थांबल्या. दोन वर्षांनी साथ आली, तेव्हा पेडण्यात मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटकही येईनासे झाले. अशा वेळी घरात मोबाईल एक आणि शिकणारी भावंडे दोन-तीन! त्यातच तेव्हा शाळेचे वर्ष सुरू होत असे ते भर पावसाळ्यात; विजेच्या तारेवर झाड पडले की दिवा जातो आणि पाठोपाठ रेंजही. वर्गात बाक सर्वांस सारखा मिळतो. पडद्यापुढची जागा मात्र बापाच्या कमाईवर ठरते.

तिसरी गोष्ट आम्हां शिक्षकांची. आम्ही कोंकणीभाषक, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची घरची भाषाही कोंकणीच. कोंकणीत ‘म्हाका बरें दिसलें’ म्हणजे मला आनंद वाटला. तेच मूल मराठी निबंधात लिहिते, ‘सहलीला जाऊन मला बरे दिसले.’ वर्गात हे वाक्य कोणी वाचताच आम्ही त्यास थांबवितो, दोन्ही भाषांतले ‘दिसणे’ फळ्यावर शेजारी शेजारी मांडतो, आणि सारा वर्ग हसतहसत शिकतो. पडद्यावर बहुतेकांचे माईक बंद. मूल बोलत नाही, म्हणून चुकत नाही; आणि चुकत नाही, म्हणून सुधारतही नाही. भूमितीचेही तसेच. कंपासचे टोक नेमके कोठे सरकले, ते शिक्षकास दिसत नाही. त्याच्या हाती येतो तो वहीचा फोटो. मुलाच्या चेहऱ्यावरील गोंधळ वाचणे हे अर्धे अध्यापन आहे, आणि पडद्यावर नेमके तेच हातचे जाते.

म्हणून आमचे मत असे : उजळणीसाठी, आजारी मुलाचा बुडालेला पाठ भरून काढण्यासाठी, अथवा गावात न मिळणाऱ्या विषयाच्या व्याख्यानासाठी पडदा अवश्य वापरावा. परंतु नवी गोष्ट प्रथम शिकावयाची ती वर्गातच. विशेषतः भाषा, लेखन व प्रयोग. आणि जो पाठ सर्वांत गरीब विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला नाही, तो झाला असे कोणत्याही शिक्षकाने समजू नये.

विद्यार्थी मित्रहो, पडद्यावर पाठ पाहाल तेव्हा वही जवळ ठेवा. न कळलेले दोन प्रश्न तीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारा. पालकांनीही मूल पडद्यापुढून उठल्यावर ‘आज काय समजले?’ एवढे विचारावे. उत्तर कोंकणीत आले तरी चालेल. ते मराठीत कसे मांडावयाचे, ते आम्ही वर्गात पाहू.