नाव आहे, धक्का नाही

उचगावच्या शिवारालगत वाहणारी मार्कंडेय पुढे गोकाकजवळ घटप्रभेला मिळते, आणि घटप्रभा हा राष्ट्रीय जलमार्ग आहे. वाचकांना ही थट्टा वाटेल. पण संसदेचा कायदाच तसे सांगतो. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले 111 जलमार्ग आहेत. त्यांत घटप्रभेचा पट्टा आहे आणि खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीत उगम पावणारी मलप्रभाही आहे. उन्हाळ्यात ज्या पात्रांतले खडक उघडे पडतात, तिथून मालाची बोट कशी जाणार, हे यादी करणाऱ्यांनाच ठाऊक. दिल्लीच्या कागदावर थेंबभर शाई जास्त खर्च झाली, एवढेच म्हणून तो विषय सोडून देता आला असता.

पण याच बेळगाव जिल्ह्यात पावसाळा आला की नाव खरोखर लागते, आणि तिथे मात्र सरकारचे लक्ष नाही. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी ही नावे दर जुलैमध्ये वर्तमानपत्रात झळकतात, कारण तिथले बंधारे पाण्याखाली जातात. बंधारा पाणी अडवण्यासाठी बांधलेला. पण त्यावरूनच ऊस जातो, दूध जाते, पोरे शाळेला जातात. घाटमाथ्यावर पावसाने जोर धरला की दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा फुगतात आणि हाकेच्या अंतरावरचे गाव वळसा घालून गाठावे लागते. वळशाचा रस्ताही बुडाला की उरते ती नाव. मळ्यात अडकलेली माणसे, गोठ्यातली जनावरे, बाळंतीण, औषध, सारे तिच्यावर.

ही नाव लागते कुठे? चिखलात. काठ ढासळलेला, वर बाभळीला किंवा विजेच्या खांबाला बांधलेला दोर, खाली किती पाणी आहे याचा अंदाज नावाड्याच्या डोळ्यांवर. जॅकेट असले तर असले. नावेत किती माणसे घ्यायची, हे काठावरच्या गर्दीचा आवाज ठरवतो. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचा बळी गेला. ती नाव वाचवण्यासाठीच निघाली होती. भरलेल्या नावेत आणखी चार जण चढू पाहतात तेव्हा त्यांना अडवण्याचा अधिकार असलेला माणूस काठावर नसतो, हे त्या दिवशी दिसले. आमच्या सीमाभागातल्या काठांवरही तो नाही.

या काठांवर धक्का हवा, पण धक्का म्हणजे मोठे बंदर नव्हे. गोव्यात जाऊन पाहावे. भीमगडच्या जंगलातून निघणारी आपलीच म्हादई खाली मांडवी होते, तिच्यावर दिवाडी, चोडण अशा बेटांचे लोक रोज फेरीबोटीने ये-जा करतात. पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार, त्यावर टेकणारी बोटीची फळी, दिवा, पावसात उभे राहायला छप्पर, ठरलेली वेळ. पायी प्रवाशाला तिकीटही नाही. मागे नदी परिवहन खाते उभे आहे, म्हणून बोट बिघडली तर कुणाला धरायचे हे लोकांना माहीत असते. म्हादईच्या पाण्यावरून दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडत आली. तिच्या काठावर काय बांधले आहे, हे पाहायला मात्र इथून कुणी गेले नाही.

अर्थात मांडवीचा नमुना जसाच्या तसा इथे चालणार नाही. तिथे भरती-ओहोटी रोजची, इथे पाणी आठवड्यात दहा-बारा फूट चढते आणि तसेच उतरते. त्यासाठी एकच उतार पुरणार नाही. नृसिंहवाडीच्या घाटासारखा पायऱ्यापायऱ्यांचा काठ हवा, म्हणजे पाणी कुठल्याही पातळीला असो, नाव टेकायला जागा मिळेल. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी मुलेही सांगतात. तशीच पातळीची खूण प्रत्येक उताराच्या खांबावर रंगवावी, आणि अमुक खुणेवर नाव बंद, हे तिथेच लिहावे. शिवाय गाळ काढावा लागेल, दरवर्षी. नाही काढला तर काय होते, ते कोकणात दिसते. अर्जुना नदीवरचे राजापूर एकेकाळी इतके भरभराटीचे बंदर होते की इंग्रजांनी तिथे वखार घातली, तिथला माल अणुस्कुरा घाटाने देशावर चढे, आणि 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या वखारीवर छापा घातला. पुढे गाळाने पात्र भरले, गलबते शहरापर्यंत येईनात. आज राजापूरची आठवण निघते ती बाजारपेठेत शिरणाऱ्या पुराने.

उंच पूल बांधा, नावेची गरजच राहणार नाही, असे कुणी म्हणेल. पूल हवेतच, त्यासाठी आम्हीही भांडतो. पण 2019 आणि 2021 मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. महामार्ग जिथे बुडतो तिथे गावच्या पुलाचा काय भरवसा?

खरी अडचण पैशाची कमी, हद्दीची जास्त. मलिकवाड चिकोडी तालुक्यात, दत्तवाड शिरोळमध्ये. एका काठावरची नाव कर्नाटकाची, दुसऱ्या काठावर उतरणारा माणूस महाराष्ट्राचा. दुर्घटना घडली तर पंचनामा कुणी करायचा, इथून सुरुवात. या प्रश्नाचे अर्धे उत्तर 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात आहे. 1917 चा इंग्रजी अमदानीतला कायदा जाऊन तो आला. त्यानुसार यांत्रिक बोटीची एका राज्यातली नोंदणी देशभर चालते, आणि वल्ह्याच्या नावांची नोंद तालुका, पंचायत किंवा गावपातळीवर करण्याची तरतूद आहे. म्हणजे सीमाप्रश्नाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची सबब उरलेली नाही. सीमेबाबत आमची भूमिका जगजाहीर आहे आणि ती बदललेली नाही. पण पुरात अडकलेल्या माणसाला आधी कुठल्या सातबाऱ्याचा म्हणून विचारायचे नसते.

मृगाच्या आधी चिकोडी, निपाणी आणि शिरोळच्या तहसीलदारांनी एकत्र बसावे. दरवर्षी बुडणाऱ्या बंधाऱ्यांची यादी त्यांच्या दप्तरी आहेच. प्रत्येक ठिकाणी दोन्ही काठांवर उतार, दिवा, दोर आणि जॅकेटे, नोंदलेली नाव, आणि गर्दीला नाही म्हणण्याचा अधिकार दिलेला पगारी नावाडी, एवढे या पावसाळ्यापूर्वी झाले पाहिजे. ग्रामपंचायतींनीही वरच्या आदेशाची वाट न पाहता आपल्या हद्दीतल्या नावांची नोंद आजच सुरू करावी.