एक उच्चार, दोन हक्क

पुण्यातील पुष्कळ घरांत दादी-नानींचे निकाहनामे उर्दूत आहेत. ते कोर्टात किंवा कार्यालयात दाखवायचे झाले की मराठी तर्जुमा लागतो, आणि असे कागद आम्हा उर्दू-मराठी शिकवणाऱ्यांकडे येत राहतात. आकडे आणि ठरावीक शब्द दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा वर्डमधला मॅक्रो बरा. एकदा केलेली कामे तो लक्षात ठेवतो आणि एक कळ दाबताच पुन्हा करतो.

आधी उर्दू मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा. मराठीही युनिकोडमध्येच ठेवावी. पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपीचे जुने फाँट पडद्यावर मराठी दाखवतात, पण त्यांत मराठी शब्द नेहमीसारखा शोधता येत नाही. मग ‘व्ह्यू’मध्ये ‘मॅक्रोज’, त्यात ‘रेकॉर्ड मॅक्रो’ निवडून एक कळ नेमावी. ‘रिप्लेस’ने उर्दू आकडे मराठी करून घ्यावेत, मग खालचे दोन शब्द बदलावेत आणि रेकॉर्डिंग थांबवावे.

ते दोन शब्द महरसंबंधी आहेत. ऐनने लिहिलेला ‘मुअज्जल’ म्हणजे पत्नीने मागताच द्यायची महर. वाववर हमजा देऊन लिहिलेला ‘मुअज्जल’ म्हणजे मुदतीने, किंवा तलाक अथवा मृत्यूच्या वेळी द्यायची महर. उच्चार एकच, म्हणून मराठी लिपीतही दोन्ही सारखेच उतरतात आणि बाईचा हक्क कागदावरून पुसला जातो. मॅक्रो कानाने ऐकत नाही, अक्षर पाहतो. पहिल्याच्या जागी त्याने [मागताच देय] लिहावे, दुसऱ्याच्या जागी [नंतर देय]. चौकटी कंसामुळे ती जागा मूळ कागदाशी ताडून पाहता येते. जुन्या हस्ताक्षरात हमजा सुटलेला असतो, म्हणून ताडणे आवश्यकच.

पण प्रत्येक शब्द मॅक्रोवर सोपवू नये. ‘कल इम्तिहान था’ आणि ‘कल इम्तिहान है’ यांत ‘कल’चे अक्षर तेच, पहिल्यात तो ‘काल’, दुसऱ्यात ‘उद्या’. हे वाक्य वाचणाऱ्यालाच कळते. तेव्हा नियम सोपा: अक्षरावरून अर्थ ठरत असेल तिथे मॅक्रो, वाक्यावरून ठरत असेल तिथे माणूस.

भगिनींनो, तर्जुमा हाती आला की त्यात नुसते ‘मुअज्जल’ लिहिलेले नाही ना, एवढे पाहा. असेल तर तो परत पाठवा आणि कोणता मुअज्जल, ते स्पष्ट मराठीत लिहून घ्या.